सिंधूकाकूंचं नख

माझ्या मेडिकलमध्ये चपला बाहेर काढून येणारं गिऱ्हाईक एकच होतं, सिंधूकाकू. दुकानाला दोन पायऱ्या आहेत, त्यांच्यावर बसस्टँडचा सगळा धुरळा आणि खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या. आणि ह्या बाई खालच्या पायरीपाशी चपला काढून, लुगड्याचा काठ दोन बोटं वर उचलून, अनवाणी काउंटरपाशी उभ्या. "काकू, हे काय देऊळ आहे? चपला घाला, पायात काच जाईल," असं मी किती वेळा सांगितलं असेल. त्यांचं उत्तर ठरलेलं. "औषीद काय देवापेक्षा कमी असते का, बापू? अन् चपलीतले पाय कोनाले दिसतात?" यातलं पहिलं वाक्य माझ्यासाठी असायचं आणि दुसरं खरं असायचं.

काकूंना आपल्या पायांचा अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत. चेहऱ्यावर लहानपणी आलेल्या देवीचे वण, रंग काळा, एक डोळा किंचित बारीक. आरशाशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं. पण पाय! आमच्या संग्रामपूरच्या खाऱ्या पाण्यात बायकांच्या टाचांना अशा भेगा पडतात की त्यात सुतळी बसावी. काकूंच्या टाचा मात्र साठीतही गुळगुळीत, बोटं एकाला एक लागून, नखं गुलाबी. त्यांचे सासरे मुलगी बघायला आले तेव्हा तोंडाकडे बघून गप्प झाले होते म्हणे. मग त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलीला ओल्या पायांनी सारवलेल्या जमिनीवरून चालायला लावलं. उमटलेली पावलं बघून म्हातारा म्हणाला, "लक्ष्मीचे पाय हायेत, पोरगी घ्या." काकू ही हकिकत हसून सांगायच्या आणि शेवटी जोडायच्या, "मले कोनी पसंत नाई केलं, बापू. माह्या पायाले केलं. मी तं पायाच्या मांगं मांगं आली ह्या घरात."

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. दुसऱ्या दिवशी जेवण. ज्वारीची आंबील, अंबाडीची भाजी, पुरण, सगळं साग्रसंगीत. पण त्याआधी सवाष्णींचे पाय धुवायचे असतात. पाटावर बसवायचं, पितळी परातीत पाय घ्यायचे, घरच्या सुनेनं ते धुवायचे, पुसायचे, हळदकुंकू लावायचं आणि पायांवर डोकं टेकवायचं. वानखड्यांच्या घरचा पहिला पाट कित्येक वर्षं सिंधूकाकूंचा. वानखड्यांचं घर गल्लीतलं सगळ्यात मोठं, त्यामुळे तिथे जो पहिला पाट, तोच मग सगळीकडे. नवी सून घरात आली, बोअरला पाणी लागलं, दारात ट्रॅक्टर आला, की आधी सिंधूकाकूंना बोलावणं. नंतर वर्षभर ह्याच बायका काकूंना साधं चहाला बोलवत नसत. काकूंचा नवरा तालुक्याच्या कचेरीतला रिटायर कारकून, घर दोन खोल्यांचं, तोंड हे असं. काकूंना हे सगळं ठाऊक होतं. "बाकीचे दिस लोकं मले वरून खाली पाह्यतात," त्या म्हणायच्या, "महालक्ष्म्याच्या दिसी खालून वर पाह्यतात." त्या एका दिवसासाठी त्या वर्षभर न्हाणीच्या दगडावर वजरीनं पाय घासत असत.

एका वर्षी पावसाळा लांबला, आणि काकूंच्या उजव्या अंगठ्याचं नख एका कोपऱ्यातून पिवळं पडायला लागलं. मग जाड झालं, मग तपकिरी, मग शिळ्या भाकरीच्या कडेसारखा त्याचा भुगा सांडायला लागला. मला शंका आली ती त्यांनी दुकानात चपला काढणं बंद केलं म्हणून. पायरीवर चपलांसकट उभ्या राहायच्या, लुगडं पायांवर ओढून. विचारलं तर म्हणाल्या, "काई नाई, ठेच लागली." घरात मात्र उपाय चालू होते. कोणी चुना सांगितला, कोणी रॉकेल, कोणी हिंग. काही गुण येईना तेव्हा त्यांनी ते मेंदीनं झाकलं. मेंदीही पुरेना तेव्हा सुनेची लाल नेलपॉलिश घेऊन थरावर थर चढवले. आतला ओलावा आतच कोंडला आणि नख आणखी सडलं.

तसंच पॉलिश लावून त्या वानखड्यांकडे पाटावर जाऊन बसल्या. माझी बायको सुनीता तिथे होती, तिनं डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. वानखड्यांची नवी सून परातीपुढे बसली, पायांवर कोमट पाणी घातलं आणि अंगठा चोळायला लागली. पॉलिशचा पापुद्रा सुटला आणि त्याच्याबरोबर नखाचा एक तुकडा तिच्या बोटाला चिकटून आला. पोरगी दचकून मागे सरकली, परातीतलं पाणी सांडलं, सगळ्या बायका माना काढून बघायला लागल्या. घरच्या मालकीणबाई, वानखडे वहिनी, पुढे आल्या. त्यांनी खाली पाहिलं आणि नाकाला पदर लावला. वास काही येत नव्हता, सुनीता शपथेवर सांगते. "काकू, तुमी जराशा तिकडं बसा," वहिनी म्हणाल्या, "तुमचं मांगून पाहू." ते मागून काही आलं नाही. काकूंना पंगतीच्या टोकाला वाढलं आणि हळदकुंकवाची कुयरी त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवली, तुमचं तुम्ही लावून घ्या म्हणून. काकूंनी लावून घेतलं आणि पानातलं सगळं संपवलं. महालक्ष्मीचं टाकायचं नसतं.

चार दिवसांत गल्लीत बातमी झाली की सिंधूला महारोग झाला. नळावर बायका आपली भांडी तिच्या भांड्यांपासून लांब ठेवायला लागल्या. ह्यांच्यापैकी एकीनंही तिला डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं नाही. आमच्याकडे रोगाची चौकशी कमी आणि प्रसिद्धी फार.

मग एका सकाळी काकू दुकानात आल्या, चपला काढून, आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर सरळ पाय ठेवला. दुकानात आणखी दोन माणसं होती, त्यांची त्यांनी पर्वा केली नाही. "पाह्य बापू. अन् खरं सांग. महारोग हाये का?"

मी वाकून पाहिलं. "नाही काकू. बुरशी दिसते. भाकरीला लागते ना, तशी नखालाही लागते."

"मंग भाकरीसारखं फेकून द्याचं?"

"फेकायचं कशाला? खामगावला चामडीच्या डॉक्टरला दाखवा. पक्कं कळेल, आणि औषध आहे त्याच्यावर."

काका, म्हणजे त्यांचे यजमान, त्यांना दुसऱ्याच दिवशी एसटीनं खामगावला घेऊन गेले. डॉक्टरांनी नखाचा भुगा तपासला आणि बुरशीच निघाली. काकूंना पूर्वी मोठी कावीळ होऊन गेलेली, तेव्हापासून लिव्हर नाजूक, म्हणून पोटातल्या गोळ्या नकोत असं डॉक्टरांनी ठरवलं. फक्त वरून लावायचं लॅकर दिलं. आणि सांगितलं की पाय कोरडे ठेवा, आणि घाई करू नका. पायाचं नख मुळापासून सावकाश वाढतं, खराब नख पुढे सरकत सरकत कापलं जाऊन सगळं नवं यायला वर्ष लागेल, मध्ये सोडलंत तर पुन्हा पहिल्यापासून.

पाय कोरडे ठेवा! जी बाई जन्मभर येता-जाता पाय धुवत आली, तिला. आणि बुरशी आली कुठून? एका परातीत गावातल्या वीस बायकांचे पाय, तेच पाणी आणि पुसायला तोच एक ओला पंचा, आणि ती परात, तो पंचा तसाच पुढच्या घरी, जिथे पहिला पाट पुन्हा काकूंचा. कोणाच्या पायाची कोणाला लागली देव जाणे, पण माझा संशय त्या परातीवरच आहे. मी वानखड्यांना एकदा तसं सुचवायला गेलो होतो, निदान पंचे तरी वेगवेगळे ठेवा म्हणून. वानखडे म्हणाले, "देवाच्या कामात मेडिकल नोका आनू, भाऊ." मी चहाचा कप अर्धा ठेवून उठलो. त्यांच्याकडचा चहाही मला त्यानंतर गोड लागला नाही.

औषध माझ्याकडे मिळत नव्हतं, मी अकोल्याहून मागवलं. एवढीशी काचेची बाटली, झाकणाला बारीक दांडी, आतलं औषध पाण्यासारखं. काकूंनी ती उजेडात धरून पाहिली आणि त्यांचं तोंड उतरलं. "हे तं नेलपॉलिशच हाये." मी म्हटलं, दिसायला तसं आहे, काम उलटं आहे. काउंटरवरच दाखवलं. आधी कानशीनं नखाचा वरचा थर घासायचा, ती कानशी दुसऱ्या कोणी वापरायची नाही. मग स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, औषधाचा पातळ हात द्यायचा आणि वाळू द्यायचं. आठवड्यातून दोनदा. "कोनत्या वारी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वार कोणताही चालेल. असं कसं चालेल? त्यांनी विचार करून मंगळवार आणि शुक्रवार ठरवले, देवीचे वार. आणि औषधाचं त्यांनी व्रतच केलं. त्या दिवशी आंघोळ करून, लावून झाल्याशिवाय चहा घ्यायचा नाही, लावताना बोलायचं नाही. मला हसू आलं होतं. पण खरं सांगतो, इतक्या वर्षांत एवढं नेमानं औषध घेणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. अँटिबायोटिकच्या पाच गोळ्या लिहिल्या तर आमची माणसं तीनवर बरी होतात आणि उरलेल्या शेजाऱ्याला देतात.

अडचण एकच निघाली. काकूंचे गुडघे वाकत नव्हते आणि अंगठ्यापर्यंत हात पोचत नव्हता. सून रूपाली वाईट नव्हती, पण ती लावते म्हणाली आणि तोंड फिरवून लावायला लागली, तेव्हा काकूंनी पाय मागे घेतला. मग काका पुढे झाले. काका म्हणजे अबोल माणूस, कचेरीत जन्म गेला तरी मोठ्यानं बोललेला कोणी ऐकला नव्हता. मंगळवारी सकाळी ओट्यावर ऊन आलं की ते चष्मा लावून बसायचे, बायकोचा पाय आपल्या मांडीवर घ्यायचे आणि पेन्सिलीला टोक करावं तसं सावकाश नख घासायचे. ओट्यावर, भर गल्लीत! आमच्याकडे नवरा-बायको एसटीत शेजारी बसले तरी मधे पिशवी ठेवतात. पोरं हसायची, बायका नळावर एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. एकानं जाता जाता विचारलंच, "काऊन हो काका, आता बायकोचे पाय चेपून राह्यले का?" काकांनी मान वर केली नाही. "पाय नाई चेपून राह्यलो," ते म्हणाले, "महालक्ष्मीची तयारी करून राह्यलो."

काकूंचं व्रत खरं तर तेच होतं. पुढल्या वर्षी वानखड्यांच्या पाटावर पुन्हा बसायचं. महिन्याला एकदा त्या मला पाय दाखवायला येत. मुळाशी आधी नव्या नखाची एक बारीक गुलाबी चंद्रकोर दिसली, त्या दिवशी दोघा नवरा-बायकोंनी मला पेढा आणून दिला. उन्हाळ्यात ते गुलाबी अर्ध्याच्या पुढे आलं. मधून मधून त्यांचा धीर सुटायचा. "माह्यापेक्षा केळीचा कोंब लवकर येते," असं म्हणून पाय पुन्हा लुगड्याखाली घ्यायच्या. काका मागून हळूच म्हणायचे, "येते वं प्रमोदची माय, येते. घाई नोको करू." प्रमोद हा त्यांचा मुलगा, जळगाव जामोदला मास्तर. आषाढात काका स्वतः वानखड्यांच्या घरी गेले. डॉक्टरांची चिठ्ठी नेली होती, रोग लागण्यासारखा राहिलेला नाही अशी. वानखडे वहिनींनी ती वाचली नाही, पण म्हणाल्या, "पाय साफ झाला म्हंजे झालं. बसवू न मंग, काऊन नाई बसवणार?" काकांनी हे माझ्या दुकानात येऊन मला सांगितलं. त्यांना इतकं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

श्रावणात काका गेले. सकाळी न्हाणीत पडले, शेगावला नेईपर्यंत काही उरलं नाही. नखाची टोकाकडची एक बारीक कड तेवढी पिवळी होती.

पुढचं मी सुनीताकडून ऐकलं, कारण तिथे पुरुष नसतात. मयत उठायच्या आधी बायकांनी काकूंना धरून बसवलं, कुंकू पुसलं, बांगड्या काढल्या आणि जोडवी काढायला पायांशी बसल्या. जोडवी बोटांत रुतलेली, तेल लावून फिरवावी लागली. तेव्हा त्यातल्या एकीचं लक्ष अंगठ्याकडे गेलं. "अवं माय, पाय तं साफ झाला वं इचा," ती म्हणाली. मेलेल्या माणसाच्या उशाशी. आणि बाकीच्यांनी वाकून पाहिलं. एक वर्ष ज्या पायाकडे कोणी पाहिलं नव्हतं, तो त्यांनी त्या घटकेला पाहिला.

सुतकातच शुक्रवार आला. काकू कोपऱ्यात घोंगडीवर बसलेल्या, भेटायला येणाऱ्यांची रीघ. त्यांनी सुनेला म्हटलं, बाटली आण. रूपालीला वाटलं सासूबाईंचं डोकं फिरलं, पण तिनं आणून दिली. काकूंनी भिंतीला पाठ लावली, पाय हातानं ओढून जवळ घेतला, कण्हत कण्हत नख घासलं, पुसलं आणि औषध लावलं. तेवढ्यात वानखडे वहिनी दोन बायकांना घेऊन भेटायला आल्या. त्यांनी दारातून काय पाहिलं? नवऱ्याची राख थंड झाली नाही आणि बाई बाटलीतून नखाला पॉलिश लावून राहिली आहे. अंगठा चकाकतो आहे. वहिनी आत न येताच मागे फिरल्या.

संध्याकाळपर्यंत माझ्या काउंटरवर हीच गोष्ट. डोकेदुखीची गोळी घ्यायला आलेली बाई गोष्ट आधी सांगे आणि गोळी नंतर मागे. "दहावं व्हायचं हाये अजून, अन् नखं रंगवून राह्यली ते!" मी फळीवरून त्याच औषधाची दुसरी बाटली काढून दाखवायचो. हे बघा, हे औषध आहे, बुरशीचं आहे, मध्ये बंद केलं तर वर्षाचं सगळं पाण्यात जातं. लोक ऐकून घेत, मान हलवत आणि म्हणत, "हो, पन आता तिले काय कराचं चांगल्या नखाचं?" मला रोग समजावून सांगता येतो. ह्याला काय सांगायचं ते मला शिकवलेलं नाही. मी आवाज चढवला, एक-दोन गिऱ्हाइकं त्या वेळी तुटली ती तुटलीच. घरी सुनीता म्हणाली, "तुम्ही कशाला भांडता? महिनाभर थांबल्या असत्या काकू तर काय बिघडलं असतं? लोकांचीही मनं असतात." लोकांची मनं असतात हे मला ठाऊक आहे. मी पंचवीस वर्षं त्यांना ॲसिडिटीचं औषध देतो आहे.

तेराव्यानंतर प्रमोद दुकानात आला. चांगला मुलगा, शिकलेला. बाटली त्याच्या खिशात होती, ती त्यानं काउंटरवर ठेवली. "दादा, तुम्ही जरा आईला सांगा," तो म्हणाला. "डॉक्टरनं बंद करायला सांगितलं असं सांगा. नातेवाईक बोलून राह्यले. आता कोनासाठी पाय चांगले कराचे?" मी त्याला विचारलं, तुझ्या आईला तू हे विचारलंस का? त्यानं विचारलं होतं. त्याची मान खाली गेली. ती काय म्हणाली, तर म्हणाली, "पाय माह्याच हायेत न? का तेबी तुह्या बापासंग जाळले?" मी बाटली उचलून पुन्हा त्याच्या हातात ठेवली आणि म्हटलं, घेऊन जा, आईला दे, आणि कानशी जुनी झाली असेल, ही नवी घे.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. वानखड्यांच्या पहिल्या पाटावर गल्लीतलीच दुसरी एक बाई बसली. तिच्या टाचांच्या भेगांत त्या दिवशीचं कुंकू आठवडाभर तसंच होतं. काकूंना बोलावणं नव्हतंच, ते अपेक्षितही नव्हतं. पण प्रसादाचं पानसुद्धा आलं नाही. दरवर्षी सगळ्या गल्लीला जातं. सुनीता जेवून आली तेव्हा मी तिला विचारलं, काकूंचं कोणी नाव तरी काढलं का? ती म्हणाली, "काढलं. वहिनी म्हणाल्या, बरं झालं आपण मागच्या वर्षीच उठवलं. पाट वाचला आपला." मी त्या रात्री जेवलो नाही.

हीच माणसं. पुढच्या उन्हाळ्यात सिंधूकाकू गेल्या, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन. तिरडी अंगणात ठेवली, आणि रीतीप्रमाणे सगळे एकेक करून पाया पडायला आले. वानखडे वहिनी पुढे होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी काकूंचे पाय धरले, कपाळ टेकवलं आणि गळा काढला, "माय वं, लक्ष्मीचे पाय होते वं!" मी समोर उभा होतो. चांगलं बोलायची वेळ नव्हती आणि वाईट बोलायची तर त्याहून नव्हती, म्हणून मी अंगणातून बाहेर निघून आलो. लोकांना वाटलं मला रडू आलं.

पण मला त्या आठवतात त्या तशा नाही. त्याआधीच्या दिवाळीनंतरची एक दुपार आठवते. गिऱ्हाईक नव्हतं. काकू आल्या, पांढऱ्या पातळात अगदी लहान दिसत होत्या. त्यांनी स्टुलावर पाय ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी काउंटरच्या बाहेर आलो, खाली बसलो आणि मोबाइलच्या उजेडात नीट पाहिलं. मुळापासून टोकापर्यंत नख गुलाबी होतं. कुठे रेघ नाही, डाग नाही, जाडपणा नाही. असं नख मी डॉक्टरांच्या पुस्तकातही पाहिलं नसेल. मला भारी आनंद झाला. एवढ्या कडवट वर्षात कुठेतरी काहीतरी सरळ झालं होतं, आणि त्याला माझाही थोडा हात लागला होता.

"काकू, जिंकलात!" मी म्हटलं. "पूर्ण बरं झालं. आता औषध बंद."

"बंद?"

"बंद. आता गरज नाही."

मला वाटलं होतं त्या हसतील. काका गेले तेव्हा ही बाई सगळ्यांसमोर कोरड्या डोळ्यांनी बसली होती आणि गल्लीनं तेही बोलून दाखवलं होतं.  त्यांनी पाय स्टुलावरून काढला नाही. आता कण्हत वाकून उजवा हात अंगठ्यावर ठेवला, जिथे काका कानशी धरायचे तिथे, आणि तोंड वाकडं करून लहान पोरीसारख्या रडल्या.

"मंग मंगळवारी म्या काय करू, बापू?" त्या म्हणाल्या. "मंगळवारी अन् शुक्रवारी ते येऊन बसत होते न माह्यापाशी. औषीद लावाले घेतलं का अजूनबी ते बसतात. आता कशाच्या निमतानं बसतीन?"

मी खाली बसलेलाच होतो. पाट गेला तरी पाय बरा करून लोकांना दाखवायचा, वानखडे वहिनींना उत्तर द्यायचं, म्हणून ही बाई सुतकातही नख घासत होती असं मी धरून चाललो होतो. तिच्या बाजूनं गावाशी भांडलो तेही ह्याच समजुतीवर.

मी उठलो. फळीवर त्या औषधाची एक बाटली शिल्लक होती, ती काढली.

"काकू, तसं बरं झालं आहे," मी म्हटलं, "पण नखाचा काही भरवसा नसतो. पुन्हा उलटू शकतं. लावत राहा."

"किती दिस?"

"लावत राहा."

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. मी काय करतो आहे ते त्यांना कळलं होतं. मग त्यांनी बाटली घेतली, पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारून बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.